नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला गाव विचारतं… कॅन्सरबद्दल तिला काय माहीत असावं, काय बोलू नये?

दरवर्षी ग्रामीण तालुक्यांतली शेकडो मुलं-मुली एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन अशा कोर्सला प्रवेश घेतात. हॉस्टेलवर जाऊन दोन-तीन महिने होतात न होतात, तोच दिवाळीची सुट्टी लागते. मुलगी घरी येते आणि गाव तिला लगेच ‘डॉक्टरीण’ करून टाकतं. कुणी बीपीची गोळी दाखवतं, कुणी रिपोर्ट वाचायला देतं. शेजारची आत्या मात्र सगळे गेल्यावर हळूच विचारते, “अगं, छातीत एक गाठ लागतीय, दुखत नाही, काही होत नाही ना त्यानं?”

या प्रश्नाला ती मुलगी काय उत्तर देते, यावर पुढचं बरंच काही ठरू शकतं. “दुखत नाही ना, मग काही नाही,” असं ती म्हणाली, तर आत्या सहा महिने गप्प बसेल. “उद्या उपकेंद्रात दाखवून येऊ,” असं म्हणाली, तर त्याच आठवड्यात तपासणी होईल. कॅन्सरमध्ये हे सहा महिने फार महाग पडतात.

पहिल्या वर्षी कॅन्सर किती शिकवतात?

पहिल्या वर्षी मुलांना शरीराची रचना, शरीराचं काम कसं चालतं, जंतूंची ओळख, आहार आणि रुग्णाची शुश्रूषा कशी करायची याची मुळाक्षरं शिकवतात. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगला कॅन्सरच्या रुग्णाची शुश्रूषा साधारण दुसऱ्या वर्षी येते. एमबीबीएसलाही कॅन्सरच्या गाठींचा सविस्तर अभ्यास पॅथॉलॉजीत, म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावरच होतो.

म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलीकडे कॅन्सरबद्दलची माहिती बहुतेक घरातली, टीव्हीवरची आणि व्हॉट्सअॅपवरचीच असते. तंबाखूनं कॅन्सर होतो, हे तिला माहीत असतं. पण तोंडात पांढरा डाग दिसला तर तो कुणाला दाखवायचा, पुढं कोणती तपासणी होते, पैसे लागतात का, हे माहीत नसतं. गावाला तर नेमकं तेच विचारायचं असतं.

त्यासाठी दुसऱ्या वर्षाची वाट बघायची गरज नाही. लागणारी माहिती फार मोठी नाही, एका संध्याकाळी समजून घेता येईल एवढीच आहे.

नुसत्या माहितीनं फरक पडतो का? बार्शीचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कॅन्सर झाला, याची नोंद ठेवायचं काम होतं. शहरात अशी नोंद दवाखान्यांतून मिळते. इथं लोक दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते. त्यामुळे नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना भेटले, कोणती लक्षणं दिसली तर दाखवायला यायचं हे सांगत राहिले.

काही वर्षांनी नोंदी तपासल्या, तेव्हा या भागातल्या बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचं दिसलं. हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाला. गावात कुठलं मोठं मशीन आलं नव्हतं. ओळखीचं माणूस घरी येऊन समजावून सांगत होतं, आणि त्यामुळे बायका वेळेत पोचत होत्या.

दुसरा अनुभव मुंबईचा. टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं तिथल्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. त्यातली तपासणी डॉक्टरांनी केली नाही. किमान दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत गर्भाशयमुखाची तपासणी केली. २०१४ साली निकाल आला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

दहावी शिकलेल्या बायकांना हे नीट शिकवून जमलं, तर बारावी सायन्स करून नर्सिंगला गेलेल्या मुलीला निदान योग्य सल्ला देणं नक्कीच जमेल. तपासणी मात्र तिनं अजून करायची नाही. ती प्रशिक्षण झालेल्या सिस्टरनं किंवा डॉक्टरांनीच करायची.

कॅन्सर म्हणजे काय, सोप्या भाषेत

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि हे सगळं हिशेबात चालतं. काही पेशींचा हा हिशेब बिघडतो. त्या थांबायचं नाव घेत नाहीत, पिकात तण माजावं तशा वाढत जातात. पुढं त्या आजूबाजूच्या भागात घुसतात आणि रक्तावाटे किंवा लसिकेवाटे दुसरीकडं जाऊन तिथंही रुजतात.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. बऱ्याच गाठी साध्या असतात. पण साधी कोणती आणि वाईट कोणती, हे हातानं दाबून किंवा फोटो बघून कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो. यालाच बायोप्सी म्हणतात.

सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही. ग्रामीण भागात उशीर होतो तो इथंच. दुखलं की माणूस काम सोडून दवाखान्यात जातो. न दुखणारी गाठ मात्र सुगी होईपर्यंत, लग्न उरकेपर्यंत, पट्टा पडेपर्यंत मागं राहते.

तीन कॅन्सर आधी समजून घ्यावेत

सरकारची मोफत तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरसाठी आहे. तिन्ही लवकर सापडू शकतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

*तोंडाचा कॅन्सर.* २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात साधारण चारपैकी एक प्रौढ माणूस कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतो. त्यातही बिडी-सिगारेट ओढणारे थोडे आणि तोंडात ठेवणारेच जास्त. मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा हे सगळ्यांना माहीत आहे. मशेरी मात्र अनेकांच्या हिशेबात येत नाही. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती. घरातली आजी दात घासते म्हणून तिला कुणी ‘व्यसन’ म्हणत नाही. पण तंबाखू ती तंबाखूच. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सांगितलेलं आहे.

बघायचं काय? दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. गालाच्या आत किंवा जिभेखाली न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग. तोंडात गाठ. कारण नसताना दात हलणं. तिखट अजिबात न सोसणं. आणि तोंड कमी उघडणं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर तोंड दाखवायला हवं. मावा-गुटखा खाणाऱ्या तरुण पोरांत हा प्रकार बराच दिसतो. हा अजून कॅन्सर नसतो, पण त्या वाटेवरचा धोक्याचा इशारा असतो. या टप्प्यावर खाणं सोडलं आणि उपचार घेतले, तर पुढचा धोका कमी करता येतो.

*स्तनाचा कॅन्सर.* भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. न दुखणारी घट्ट गाठ, काखेत गाठ, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्तासारखं पाणी येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणं, ही लक्षणं दिसली की दाखवायचं. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं आपली छाती नेहमी कशी लागते, हे बाईला माहीत असलं की बदल लगेच लक्षात येतो. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, पण क्वचित.

*गर्भाशयमुखाचा कॅन्सर.* हा जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्वत्र आहे की, बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते आणि बहुतेकांची ती आपोआप बरीही होते. म्हणून या कॅन्सरवरून कुठल्याही बाईच्या चारित्र्यावर बोलायचं काही कारण नाही. थोड्या बायकांत विषाणू टिकून राहतो. लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा वेळ हातात असतो, म्हणूनच हा कॅन्सर होण्याआधीच पकडता येतो.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, अशी लक्षणं असतील तर तपासणी लगेच करावी. तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावतात. एका मिनिटात खराब भाग पांढरा दिसतो. दुसरा मार्ग एचपीव्ही चाचणीचा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. एका गटात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी करून गरज असलेल्यांवर उपचार केले. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. तपासणी मोहीम न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. मराठवाड्यातल्या बायकांनी दिलेला हा पुरावा आज जगभर वापरला जातो.

भीती वेगळी, माहिती वेगळी

कॅन्सरचं नुसतं नाव माहीत असणं कसं अंगावर येतं, ते बीड जिल्ह्यानं बघितलं आहे. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत, ऊसतोडणीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यात कमी वयाच्या बायकाही होत्या. “पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल,” अशी भीती घातल्याचं अनेक बायकांनी सांगितलं होतं.

अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गामुळे असतं आणि औषधानं बरं होतं. तपासणी न करता, फक्त भीतीपोटी पिशवी काढायची नसते. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी, मग तुकड्याचा रिपोर्ट, मग निर्णय. अशा वेळी घरातल्या नर्सिंगच्या मुलीनं एवढंच विचारलं, “मामी, रिपोर्ट कुठाय? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंय का?” तरी एखादं ऑपरेशन टळू शकतं.

विद्यार्थ्यांनी काय बोलू नये

“काही नाही, उष्णतेनं झालंय.” तपासणीशिवाय असा धीर देऊ नये.

“हा कॅन्सरच दिसतोय.” असं तर मुळीच म्हणू नये. ते सांगायचं काम रिपोर्टचं आणि डॉक्टरांचं.

“सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.” हा गावात सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज आहे. तुकडा तपासल्याशिवाय उपचारच ठरत नाही. या भीतीनं माणसं आधी जडीबुटीवाल्याकडं जातात आणि गाठ फुटल्यावर दवाखान्यात येतात.

“त्यांच्या ताटात जेवू नको.” कॅन्सर शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, कपडे वापरल्यानं होत नाही. एचपीव्ही विषाणू पसरतो, पण कॅन्सर स्वतः पसरत नाही, हा फरक नीट समजून सांगावा.

“कॅन्सर म्हणजे सगळं संपलं.” लवकर सापडलेले अनेक कॅन्सर पूर्ण बरे होतात. बरे होऊन परत शेतात कामाला जाणारी माणसं अनेक गावांत आहेत. फक्त ती आपला आजार कुणाला सांगत नाहीत, म्हणून गावाला मेलेलेच आठवतात.

आणखी एक गोष्ट. आत्यानं सांगितलेलं आत्यापाशीच राहिलं पाहिजे. कुणाचा रिपोर्ट ग्रुपवर टाकणं, चावडीवर बोलणं हे नर्सच्या कामात बसत नाही. ही शिस्त पहिल्या वर्षापासूनच लागावी.

मग काय सांगावं? रस्ता असा आहे

पहिला टप्पा आशाताई. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातले आजार आणि लक्षणं विचारलेली असतात. फॉर्म भरायला आल्या की “आम्हाला काही नाही,” म्हणून परत पाठवू नये. मशेरी लावत असाल तर तेही सांगावं.

दुसरा टप्पा उपकेंद्र, म्हणजेच आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. ३० वर्षांवरच्या लोकांची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी दर ५ वर्षांनी इथं मोफत व्हावी, असं सरकारचं धोरण आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरपैकी जेमतेम दोन बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी केलेली होती. स्तनाची तर शंभरात एकीचीही नाही. लक्षण असेल तर ५ वर्षांचा हिशेब धरायचा नाही, वयही बघायचं नाही. लगेच जायचं.

तिसरा टप्पा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. तिथं सोनोग्राफी, बायोप्सी अशा पुढच्या तपासण्या होतात. जिथं सोय नसेल तिथून पुढं पाठवतात. पुढं पाठवलं म्हणजे हात वर केले असं नाही, घाबरून घरी परतू नये.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात आणि त्यात कॅन्सरचे उपचारही येतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्यावं. रुग्णालयात गेल्यावर आधी ‘आरोग्यमित्र’ कुठं बसतात ते विचारावं. योजनेची माहिती १५५३८८ या टोल फ्री नंबरवर मिळते. दागिने मोडण्याआधी, शेत गहाण टाकण्याआधी हा फोन करावा.

सुरुवात स्वतःपासून

नर्सिंगला आलेली मुलगी साधारण १७-१८ वर्षांची असते. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात सगळ्यात चांगली लागू पडते, पण २६ वर्षांपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. मुलीनं स्वतःसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी याची चौकशी करावी. लस घेतली तरी ३० नंतरची तपासणी सुटत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आणि मुलांनी? मावा तोंडात धरून कॅन्सरवरचं पोस्टर लावणारा विद्यार्थी गावाला लगेच ओळखू येतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायलाही मनाई आहे. तरी पुडी मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर मदत मिळते. एकदा सोडून परत लागली म्हणून हार मानू नये, बरेच जण दोन-तीन प्रयत्नांनीच सोडतात.

येत्या सुट्टीत एवढं करता येईल

७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय कॅन्सर जागरूकता दिन. तो बहुतेक दिवाळीच्या मागंपुढंच येतो. कॉलेजमध्ये त्या दिवशी रॅली निघते, रांगोळी होते, भाषण होतं. त्याच सुट्टीत पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या घरातल्या आणि भावकीतल्या ३० वर्षांवरच्या माणसांची यादी करावी. कोण तंबाखू, मशेरी, सुपारी वापरतं, कुणाची तपासणी कधीच झालेली नाही, ते लिहावं. ती यादी घेऊन आशाताईंना भेटावं आणि तपासणीचा वार विचारून घ्यावा. मग आई, काकू, आत्या यांना एकेकटीला न पाठवता, चार-पाच जणींना मिळून स्वतः घेऊन जावं. एकटी बाई लाजते, पाच जणी असल्या की हसत-बोलत जातात. कुणाला पुढं पाठवलं, तर सुट्टी संपून हॉस्टेलवर गेल्यावरही दर आठवड्याला फोन करून विचारावं, “रिपोर्ट आला का?”

गावानंही एक लक्षात ठेवावं. ही मुलगी अजून डॉक्टर नाही, नर्सही झालेली नाही. तिच्याकडून गोळी मागू नये, निदान मागू नये. तिचा हात धरून दवाखान्यापर्यंत जावं.